हिरव्या पाण्यातले उपाशी

नांदेडच्या वरच्या अंगाला, असर्जनजवळ गोदावरी अडवून केलेला विष्णुपुरीचा जलाशय, कागदोपत्री नाव शंकर सागर, उन्हाळ्यात उतरू लागतो. उरलेले पाणी तापते आणि काठाकाठाने हिरवे दिसू लागते. हिरव्या पाण्याबद्दल आपल्याकडे दोन मते आहेत. नळाचे पाणी पिणारा म्हणतो, पाणी नासले. मासे पाळणारा म्हणतो, पाण्याला रंग चढला, आता माशांना खाद्य कमी पडणार नाही. दोघांचे बोलणे परस्परविरोधी वाटते, पण एक गोष्ट दोघांनाही मान्य असते: पाण्यात जे एवढे वाढले आहे ते कोणी ना कोणी खात असणारच. ही गोष्ट इतकी उघड वाटते की ती तपासावी असे सहसा कोणाला सुचत नाही. तपासली की मात्र चित्र उलटे निघते. पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांसाठी अन्न म्हणजे पाण्यात जे आहे ते नव्हे. जे तोंडात मावते, गळ्याखाली उतरते, पोटात फुटते आणि अंगी लागते तेवढेच अन्न. या चार पायऱ्यांपैकी एकही चुकली तर हिरव्यागार पाण्यात राहूनही हे जीव उपाशी राहतात, आणि तळ्यांत हे वरचेवर घडते.

तरंगत्या बारीक जीवांना मराठीत प्लवक म्हणतात. प्लवक म्हटले की समुद्र आठवतो, आणि समुद्र नांदेड-लातूरपासून दोन्ही दिशांना शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही समुद्रातल्या बारीक जीवांच्या खाण्यापिण्याची गोष्ट इथूनच सुरू करण्याला कारण आहे. खाण्याचे नियम खाऱ्या आणि गोड्या पाण्यात जवळजवळ सारखेच आहेत; कोपेपॉड, डायाटम, जिवाणू ही मंडळी दोन्हीकडे आहेत. शिवाय गोदावरी विष्णुपुरीला थांबत नाही. धर्माबादच्या पुढे, तेलंगणाच्या हद्दीवर कंदकुर्तीजवळ लातूरकडून आलेली मांजरा तिला मिळते आणि दोघींचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. त्या पाण्याबरोबर काय जाते, हे पुढे येईलच.

आधी खाणाऱ्यांची ओळख. वनस्पतिप्लवक, म्हणजे तरंगते शेवाळ आणि डायाटम, कोणाला खात नाहीत. ऊन आणि पाण्यात विरघळलेले क्षार यांवर ते वाढतात. त्यांच्यावर जगणारे प्राणिप्लवक तळ्यात मुख्यतः तीन प्रकारचे. रोटिफर सर्वांत बारीक, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढे. डोक्यावरच्या केसांच्या चक्राने भोवरा करून कण तोंडाशी ओढतात. दुसरी डॅफ्निया आणि तिच्या नात्यातली मोइना, सेरिओडॅफ्निया वगैरे मंडळी. घरात शोभेचे मासे ठेवणाऱ्यांना डॅफ्निया आणि मोइना ठाऊक असतात, कारण माशांचे जिवंत खाद्य म्हणून त्या विकल्या जातात. तिसरे कोपेपॉड, लांब मिशांचे, झटक्याने उडी मारणारे. समुद्रात या तिसऱ्यांचेच राज्य आहे.

डॅफ्नियाचे जेवण जवळून पाहण्यासारखे आहे, आणि तिचे अंग पारदर्शक असल्याने ते साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसते. तिच्या कवचाच्या दोन झडपांमध्ये पायांच्या पाच जोड्या सतत हलत असतात. त्यांतल्या तिसऱ्या आणि चौथ्या जोडीला केसांच्या कंगव्यासारख्या जाळ्या असतात. जाळीच्या दोन तंतूंमधले अंतर एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाणी आत येते, कण जाळीवर अडकतात, तिथून पोटाकडच्या खोबणीत जमून पुढे सरकत तोंडाशी येतात. खोबणीत गुंता झाला, एखादा लांब धागा किंवा मोठा गोळा आला, तर डॅफ्निया शरीराच्या मागच्या टोकाची नखी आत घालून सगळा घास बाहेर फेकते. त्या गोळ्याबरोबर जमवलेले चांगले कणही जातात. म्हणजे पाण्यात धागेदार शेवाळ वाढले की तिला नुसते ते खाता येत नाही एवढेच नव्हे, जे खाता आले असते तेही हातचे जाते. खालची मर्यादा जाळीच्या विणीने ठरते, वरची तोंडाच्या मापाने. साधारण तीस-चाळीस मायक्रॉनच्या पुढचा कण मोठ्या डॅफ्नियालाही जड जातो आणि लहान मोइनाला त्याच्या निम्माही जमत नाही.

आता उन्हाळ्यात तळी हिरवी करणाऱ्यांकडे पाहा. उथळ, कोमट आणि सांडपाणी मिळणाऱ्या साठ्यांत बहुतेकदा मायक्रोसिस्टिस नावाचे निळे-हिरवे शेवाळ माजते. त्याची एकटी पेशी चार-पाच मायक्रॉनची, म्हणजे डॅफ्नियासाठी अगदी बेताचा घास. पण मायक्रोसिस्टिस एकटे राहत नाही. शेकडो-हजारो पेशी चिकट पदार्थात बांधून ते गोळे करते, आणि हे गोळे नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांसारखे दिसण्याइतके वाढतात. पेशींच्या आत वायूचे सूक्ष्म कप्पे असल्याने ते वर तरंगतात. वारा पडलेल्या सकाळी काठाला जी हिरवी साय येते ती हीच. घास बेताचा, पण पुडके तोंडाहून मोठे.

समजा, घास तोंडात मावला आणि गिळलाही. म्हणून तो अन्न झाला का? १९७६ साली कॅरन पोर्टर या अमेरिकी संशोधिकेने सायन्स या नियतकालिकात एक निरीक्षण मांडले. चिकट आवरणातले स्फेरोसिस्टिस नावाचे हिरवे शेवाळ डॅफ्निया गिळते. तिचे आतडे हिरवे झालेले बाहेरून दिसते. आणि थोड्या वेळाने तेच शेवाळ विष्ठेतून जिवंत बाहेर पडते. इतकेच नाही, आतड्यात इतर फुटलेल्या पेशींतून सुटलेला फॉस्फरस ते शोषून घेते आणि बाहेर आल्यावर अधिक जोमाने वाढते. इथे खाणारा कोण आणि खाल्ला गेलेला कोण, हे ठरवणे अवघड आहे. तळ्यातल्या शेवाळाचा हिशेब लावणाऱ्यांनी हा प्रयोग डोळ्यांसमोर ठेवावा, कारण डॅफ्नियाचे आतडे भरलेले पाहून 'चरायला भरपूर आहे' असा निष्कर्ष काढणे फार सोपे असते.

चौथी पायरी, अंगी लागण्याची, सगळ्यांत कमी दिसणारी. निळे-हिरवे शेवाळ खरे तर जिवाणूंच्या कुळातले आहे, आणि त्याच्या पेशीत स्टेरॉल जवळजवळ नसतात. डॅफ्निया आणि कोपेपॉड हे खेकडा-झिंग्यांच्या कुळातले कवचधारी. पेशींची आवरणे बांधायला आणि कात टाकायला त्यांना स्टेरॉल लागतात, आणि ते स्वतःच्या अंगात तयार करता येत नाहीत, अन्नातूनच मिळवावे लागतात. जर्मनीत झालेल्या प्रयोगांत डॅफ्नियाला फक्त निळे-हिरवे शेवाळ दिले तेव्हा पोट भरूनही तिची वाढ खुंटली. त्याच खाद्याला कोलेस्टेरॉलची जोड दिल्यावर ती वाढू लागली. शेवाळ विषारी नव्हते, मापाने लहान होते, गिळले जात होते, तरी अंगी लागत नव्हते. मांजरापट्ट्यातल्या कोणालाही हे नवे वाटू नये. ऊस तुटून गेला की फड पाचटाने गुडघाभर भरलेला असतो, पण बैलाचे तोंड वळते ते मोजक्या वाढ्यांकडे. फडात पाला किती पडला यावरून बैल किती पोसतील हे कोणी मोजत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो, हिरवेपणा मोजतो आणि पोषण धरून चालतो.

इथे फॉस्फरसचाही एक मुद्दा पुस्तकांतून नेहमी येतो. डॅफ्नियाच्या सुक्या वजनात दीड टक्क्याच्या आसपास फॉस्फरस असतो, आणि शेवाळात तो कमी पडला तर ते शेवाळ तिच्यासाठी निकस ठरते. हे खरे आहे, पण ते स्वच्छ, थंड, क्षारांनी गरीब सरोवरांचे दुखणे. शहराचे नाले ज्या पाण्याला मिळतात तिथे फॉस्फरस हवा त्यापेक्षा जास्तच असतो. आपल्याकडची अडचण उणिवेची कमी आणि चुकीच्या जातीच्या माजाची अधिक आहे.

हे सगळे डॅफ्नियाबद्दल झाले, आणि ती समोर येईल ते खाणारी आहे. कोपेपॉड तसे नाहीत. त्यांच्याबद्दलही फार काळ असाच समज होता की ते तोंडापुढच्या केसांच्या जाळीने पाणी गाळून खातात, आणि प्लवकांच्या आहाराची जुनी गणिते त्यावरच बेतलेली होती. १९८१ मध्ये मिमी केल आणि रूडी स्ट्रिक्लर यांनी अतिवेगवान चित्रीकरण करून तो समज मोडला. एवढ्या लहान जीवाच्या मापाने पाणी फार चिकट असते. बारीक केसांच्या फटींतून ते सहजी वाहत नाही, केसांना धरून राहते. त्यामुळे कोपेपॉडचा केसाळ अवयव चाळणीचे काम करीत नाही, वल्ह्याचे करतो. तो पाण्याचा छोटासा घोट, त्यातल्या एका शेवाळपेशीसकट, तोंडाकडे ढकलतो. पेशी जवळ येत असल्याची चाहूल कोपेपॉडला वासावरून आणि हालचालीवरून लागते, मग तो ती पकडतो, चाचपतो आणि नको असेल तर सोडून देतो. एक मिलिमीटरच्या प्राण्याने घास निवडून खावा आणि नकोसा घास टाकून द्यावा, ही गोष्ट पचायला वेळ लागते. पण एकदा ती मान्य केली की हिरव्या पाण्याचा प्रश्न वेगळा दिसतो. निवडणारे खाणारे नको ते सोडून हवे ते संपवतात, आणि जे उरते, साचते आणि पाण्याला रंग देते ते अर्थातच नकोसे असते. म्हणजे दाट हिरवा रंग हा बऱ्याचदा अन्न असल्याचा पुरावा नसतो. चांगले अन्न खाल्ले जाऊन संपल्याचा असतो.

घास कशावरून निवडला जातो याचा एक पुरावा माणसाच्या आजाराने दिला आहे, आणि महाराष्ट्राला तो परका नाही. नारूचा जंत. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत उतरला की पायाच्या फोडातून जंताची मादी हजारो पिल्ले पाण्यात सोडते. ही पिल्ले वळवळतात, पण पाण्यात थोडेच दिवस जगतात. त्यांना पुढचा जन्म मिळतो तो सायक्लॉप्स कुळातल्या कोपेपॉडने गिळले तरच. सायक्लॉप्स शिकारी आहे. डोळ्याने त्याला उजेड-अंधारापलीकडे फारसे कळत नाही, पण मिशांवरच्या केसांना पाण्यातली वळवळ कळते, आणि वळवळणारे काहीही तो पकडतो. नारूचे पिल्लू त्याला घास वाटते. दोनेक आठवड्यांत ते त्याच्या अंगात पुढच्या अवस्थेला पोचते आणि तो सायक्लॉप्स पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला की चक्र पुरे होते. रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सी फेडचेंकोने १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात हा धागा शोधला. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्र होता. कापडाने पाणी गाळणे, विहिरीत औषध टाकणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवणे, या उपायांनी देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत नोंदला गेला आणि २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. एका रोगाचे सगळे भवितव्य एका मिलिमीटरभर प्राण्याच्या खाण्याच्या सवयीवर टांगलेले होते, आणि गाळण्याचे साधे फडके त्या सवयीच्या आणि माणसाच्या मध्ये आले.

पावसाळ्यात चित्र पालटते. काळ्या मातीतली चिकणमाती फार बारीक कणांची असते आणि पाण्यात गेली की लवकर तळाशी बसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गोदावरी आणि मांजरा गढूळ वाहतात तेव्हा डॅफ्नियाच्या जाळीत शेवाळाबरोबर माती येते आणि तिला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. तिचे आतडे मातीने भरते. केसचक्रांनी कण निवडणाऱ्या रोटिफरांना हा त्रास कमी होतो, आणि प्रयोगशाळेत चिकणमाती मिसळून केलेल्या तुलनांतही डॅफ्निया मागे पडली आणि रोटिफर तगले. भारतातल्या गढूळ आणि मलयुक्त साठ्यांत ब्रॅकिओनस, केराटेला या रोटिफरांची चलती का असते, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण मासे. मोठा, ठळक दिसणारा प्लवक माशांच्या डोळ्यांत आधी भरतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मत्स्यपालकाचा, आणि तो अनुभवावर उभा आहे. शेततळ्यात मत्स्यबोटुकली सोडण्यापूर्वी शेणखत आणि सुपर फॉस्फेट टाकायचे, पाणी हिरवे झाले की बीज सोडायचे, ही रीत मत्स्यविभागच सांगतो आणि तिने मासे वाढतात. मग हिरवे पाणी खाद्य नाही असे कसे म्हणता? उत्तर असे की मासे वाढतात हे खरे, पण वाढीचे सगळे श्रेय हिरव्या रंगाला देणे घाईचे आहे. शेण पाण्यात पडले की सर्वांत आधी त्याच्यावर जिवाणू वाढतात. जिवाणूंना एकपेशीय प्राणी खातात, त्यांना आणि जिवाणूंच्या पुंजक्यांना रोटिफर आणि मोइना खातात, आणि त्यांना कटला खातो. शेणखत घातलेल्या तळ्यांवर इस्रायलमध्ये झालेल्या अभ्यासांत हा कुजक्या द्रव्यातून आणि जिवाणूंतून जाणारा मार्ग माशांच्या वाढीत मोठा वाटा उचलतो असे दिसले. समुद्रात या मार्गाचे महत्त्व १९८३ साली फारूक आझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे दहा लाख जिवाणू असतात, आणि शेवाळातून पाझरलेले, मेलेल्या जीवांतून सुटलेले विरघळलेले अन्न तेच परत कणाच्या रूपात आणतात. तोपर्यंत समुद्राच्या अन्नाचा हिशेब डायाटम, कोपेपॉड, मासा अशा सरळ ओळीत मांडला जाई. ओळीच्या खाली एक अख्खे भुयार होते. शेततळ्यातही ते आहे. शिवाय नवे खत घातलेल्या तळ्यात सुरुवातीला वाढते ते बारीक, सुटे, खाता येण्याजोगे हिरवे शेवाळ. माज येतो तो नंतर, खत थांबवले नाही तर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो उष्ण कटिबंधातूनच येतो. युगांडातले जॉर्ज सरोवर विषुववृत्तावर आहे, वर्षभर निळ्या-हिरव्या शेवाळाने दाट हिरवे असते, आणि तिथे मासेमारीही जोरात चालत असे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथे काम केलेल्या मोरियार्टी यांनी दाखवले की तिलापिया, म्हणजे आपल्या बाजारातल्या चिलापीचा भाऊबंद, हे शेवाळ पचवतो. त्याच्या जठरातले आम्ल इतके तीव्र होते की पेशीची भिंत फुटते. तिथला एक कोपेपॉडही मायक्रोसिस्टिस खाताना आढळला. म्हणजे हिरवे पाणी अन्न असू शकते. हा पुरावा झटकून टाकण्यासारखा नाही आणि त्यामुळे मूळ विधान थोडे आवरते घ्यावे लागते. पण आवरल्यावर ते अधिक नेमके होते: अन्न हा पाण्याचा गुण नाही, खाणारा आणि खाल्ले जाणारा यांच्यातल्या जुळणीचा आहे. जॉर्ज सरोवरात ती जुळणी झालेली आहे, मोजक्या जातींनी केलेली आहे. चिलापीने भरलेल्या आणि एरवी ओसाड असलेल्या तलावाला कोणी समृद्ध म्हणत असेल तर म्हणावे; कटला-रोहू-मृगळ पाळणाऱ्याला ते परवडणारे नाही.

जुळणी बदलूही शकते. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरच्या कॉन्स्टन्स सरोवरात डॅफ्नियाची सुप्त अंडी तळाच्या गाळात वर्षानुवर्षांच्या थरांनी साठलेली होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या दशकांची अंडी उबवून पाहिली तेव्हा, सरोवर सांडपाण्याने बिघडण्यापूर्वीच्या डॅफ्निया निळ्या-हिरव्या शेवाळापुढे हतबल ठरल्या, आणि बिघाडानंतरच्या बऱ्याच तगल्या. काही दशकांत वंशच बदलला होता. मराठवाड्याच्या बाबतीत या अंड्यांचा संदर्भ आणखी एका कारणाने लागतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. सव्वादोनशे दशलक्ष घनमीटरच्या आसपास क्षमतेचे धरण भेगाळलेल्या गाळाचे मैदान होते. पाऊस परतला, पाणी परतले, आणि त्याच्याबरोबर प्लवकही, कारण रोटिफर आणि डॅफ्नियाच्या नात्यातल्यांची कवचबंद अंडी सुक्या गाळात तग धरतात. नव्याने भरलेल्या धरणातले त्यांचे पहिले अन्न हिरवे नसते. पाण्याखाली गेलेले गवत, काडीकचरा आणि गुरांचे शेण यांच्यावर वाढलेले जिवाणू हे त्यांचे पहिले ताट.

आणि आता ते नदीबरोबर जाणारे. मराठवाड्याचा खडक बसाल्ट आहे, त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग सिलिका. ऊनपावसाने तो झिजतो आणि थोडी सिलिका विरघळून ओढ्यानाल्यांतून गोदावरीत येते. डायाटमांच्या पेशीचे कवच सिलिकाचेच असते. ती नसेल तर बाकी सगळे क्षार असूनही डायाटम वाढत नाहीत. आणि डायाटम म्हणजे समुद्री कोपेपॉडांचे उत्तम अन्न: माप बेताचे, स्टेरॉल आणि आवश्यक मेदाम्ले भरपूर. म्हणजे बंगालच्या उपसागरातल्या कोपेपॉडच्या ताटात काय पडेल हे थोडेसे तरी सह्याद्रीपासून नांदेडपर्यंतच्या काळ्या खडकावर ठरते. धरणे हा पुरवठा अडवतात का? धरणाच्या स्थिर पाण्यात डायाटम वाढतात, मरतात आणि सिलिका गाळात नेतात, त्यामुळे शंका रास्त आहे. डॅन्यूब नदीवरच्या आयर्न गेट्स धरणामुळे काळ्या समुद्रात जाणारी सिलिका घटली आणि तिथे डायाटमांऐवजी दुसरे प्लवक वाढले, असे १९९७ मध्ये मांडले गेले आणि ते फार गाजले. पुढे त्याच धरणात प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा त्या एका धरणात अडणारी सिलिका थोडीच निघाली; एका भिंतीला धरलेला दोष साऱ्या खोऱ्यात वाटावा लागला. गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर लहानमोठे शेकडो बांध आहेत, तेव्हा इथेही एखाद्या धरणाकडे बोट दाखवून भागणार नाही. जे बदलते ते क्षारांचे प्रमाण: शहरांमुळे आणि खतांमुळे नत्र-फॉस्फरस वाढतो, सिलिका वाढत नाही. हे गुणोत्तर डायाटमांना प्रतिकूल आहे, एवढे नक्की.

डायाटम हटल्यावर काय होते त्याचा नमुना पश्चिम किनाऱ्यापलीकडे, अरबी समुद्राच्या उत्तर भागात आहे. तिथे गेल्या दोन-अडीच दशकांत हिवाळी डायाटमांची जागा हिरव्या नॉक्टिल्युकाने घेतली. नॉक्टिल्युका म्हणजे रात्री लाटांना निळसर उजेड देणारा गोलसर एकपेशीय जीव. तो डायाटम गिळतो, कोपेपॉडची अंडीही गिळतो, आणि वर त्याच्या पेशीत पेडिनोमोनास नावाचे हिरवे शेवाळ भाडेकरू म्हणून राहते व उन्हात अन्न तयार करून देते. शिकार आणि शेती एकाच घरात. हेल्गा गोम्स, जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की पाण्यातला प्राणवायू कमी झाला की या जोडीला आणखी फावते. मात्र एवढा मोठा जीव कोपेपॉडच्या तोंडात मावत नाही. त्याला खाणारे म्हणजे साल्प आणि जेलीफिश, ज्यांना खाणारे मासे थोडे. उपग्रहाच्या चित्रात तो समुद्र हिरवागार, सुपीक दिसतो. कोळ्याच्या जाळ्यासाठी ती सुपीकता बरीचशी फुकट जाते.

शेततळ्याच्या काठावर हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मत्स्यपालनात पन्नास लिटर पाणी प्लवकजाळीतून गाळून नळीत एक-दोन मिलिलिटर साका जमला की खाद्य पुरेसे, असा ठोकताळा वापरतात. ठोकताळा कामाचा आहे, पण त्या जाळीची वीण साधारण साठ मायक्रॉनची, म्हणजे रोटिफर आणि मोइना ज्यावर जगतात ते बहुतेक सगळे तिच्यातून निसटून जाते आणि मायक्रोसिस्टिसचे गोळे मात्र अडकतात. नुसता साका मोजणारा माणूस त्यामुळे नको ते मोजून खूश होण्याचा धोका आहे. नळी उजेडात धरून पाहा. साका तपकिरी असेल आणि त्यात ठिपके उड्या मारत असतील तर मासे पोसले जाताहेत. तो गडद हिरवा असेल, वर तरंगून येत असेल आणि त्यात काहीच हलत नसेल, तर शेण आणि सुपर फॉस्फेटचे पोते त्या आठवड्यापुरते तसेच बांधून ठेवा.